आभाळगड कोसळत होता आणि लाइट गेली

काळेवाडीत आमच्या बिल्डिंगच्या खाली सलीमचाचांचं गॅरेज आहे. गॅरेजच्या बाहेर दोन जुन्या टायरांवर फळी टाकून बाक केलाय. त्या बाकावर माणसं बसली की किस्से साठतात, गॅरेजच्या कोपऱ्यात भंगार साठतं तसे! कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण चार-सहा महिन्यांनी बघावं तर ढीग झालेला असतो.

मी त्या बाकावर कधी बसत नाही. मी जिन्यात बसते, पुस्तक उघडं ठेवून. मला बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, पण ऐकायला काही लागत नाही. आणि ऐकून ऐकून मला जे धक्के बसलेत ना, ते कुणाला तरी सांगायलाच हवेत.

सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. ती गोष्ट म्हणजे ‘आभाळगड’.

तुम्ही म्हणाल हा कुठला किल्ला? किल्ला नाही, कार्टून! पप्पा शाळेत होते तेव्हा टीव्हीवर लागायचं. कुठल्या तरी परदेशातलं, पण मराठीत बोलणारं. ढगांवर तरंगणारा एक गड, त्यावर राहणारी इरा नावाची मुलगी, माणसांच्या सावल्या चोरणारा जादूगार काळभान, आणि इराचा दोस्त गुबगुब्या. गुबगुब्या म्हणजे म्हशीएवढं, पिसांचं, एका शिंगाचं जनावर. बोलता येत नाही, नुसतं ‘घुर्रर्र-हुप्प’ करतं.

हे लागायचं गुरुवारी संध्याकाळी. आता बाकीच्या महाराष्ट्रात गुरुवारी बाप लोक कामावर. पण आमच्या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची! त्यामुळे इथे मुलं आणि त्यांचे वडील मांडीला मांडी लावून आभाळगड बघायचे. दोन पिढ्या एकदम बिघडल्या, असं आमची आई म्हणते.

गुरुवारचा दुसरा नियम म्हणजे लाइट जायची. लाइनची कामं गुरुवारीच निघायची. आभाळगडचा शेवटचा भाग लागला, काळभानने गडाखालचे ढगच पळवले, गड खाली कोसळायला लागला, गुबगुब्या एकटाच त्याच्या खाली झेपावला... आणि लाइट गेली! काळेवाडीपासून पिंपरीपर्यंत सगळीकडे अंधार. तो भाग पुन्हा कधी दाखवलाच नाही.

म्हणजे आमच्या इथल्या एका अख्ख्या पिढीला शेवट माहीतच नाही. हे ऐकलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. बाकीचे पुढे.

*

पप्पा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहेत. घरी एकदम कडक. मी जरा मोबाइलवर कार्टून लावलं की लगेच, “दहावीला आलीस ना? शोभतं का हे?”

दत्ताकाका त्यांच्याच कंपनीत. मूळचे काळेवाडीचे, गावकीतले, आमच्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. हा किस्सा त्यांनी सांगितला.

सकाळची शिफ्ट. कंपनीची बस चाकण चौकात कांद्याच्या ट्रकांमागे अडकलेली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागच्या सीटवरून कुणीतरी आभाळगडच्या सुरुवातीच्या गाण्याची शीळ घातली. दुसऱ्याने पत्रा वाजवला. आणि दोन मिनिटांत युनिफॉर्म घातलेली सगळी बस गायला लागली!

“आन् तुझा बाप,” दत्ताकाका म्हणाले, “मधल्या दांडीला धरून हुबा राहिला आन् घुर्रर्र-हुप्प करत नाचायला लागला!”

माझे पप्पा! जे लग्नाच्या वरातीतही घड्याळ बघत चालतात ते!

बसमध्ये एक ट्रेनी इंजिनिअर होता, नुकताच लागलेला, बाहेरगावचा. तो घाबरला. त्याने हळूच एचआरच्या साहेबांना फोन लावला, “सर, बसमध्ये काहीतरी सुरू झालंय. सगळे एकदम घोषणा देतायत. मला वाटतं संप आहे.”

साहेब सिक्युरिटीला घेऊन धावत गेटवर. बस आली. दार उघडलं. आत गाणं चालूच. साहेबांनी हात वर केला, सगळे चिडीचूप. साहेब म्हणाले,

“दुसऱ्या कडव्यात टाळी आधी येते. चुकताय तुम्ही.”

त्या संध्याकाळी पप्पा घरी आले तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते म्हणाले, “काय बघतेस? गणित झालं का?”

*

त्यांच्या कंपनीत एक प्रेस मशीन आहे. धड चालत असतं आणि मध्येच, काही कारण नसताना, बंद पडतं. कुणी जवळ जाऊन उभं राहिलं की पुन्हा सुरू! ऑपरेटर लोकांनी त्याचं नाव ठेवलं काळभान. एकाने त्यावर रेडियमच्या अक्षरांत नावही चिकटवलं, इंग्रजीत.

मग ऑडिट आलं. परदेशी पाहुणे. त्यातल्या एका बाईंनी मशीनपुढे उभं राहून विचारलं, “हे कालभान काय आहे?”

पप्पा तिथे सुपरवायझर. सांगणार काय? सावल्या चोरतो म्हणून? पप्पा म्हणाले, “मॅडम, रोज शिफ्ट सुरू होताना मशीनजवळ उभं राहून नीट बघायचं, आवाज ऐकायचा. त्या पद्धतीला आमच्याकडे काळभान म्हणतात.”

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. सगळे सुटलो म्हणाले.

काही महिन्यांनी हेड ऑफिसकडून लॅमिनेट केलेले बोर्ड आले, प्रत्येक मशीनला एक. त्यावर हसरा कामगार आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘आज तुम्ही काळभान केलंत का?’

दत्ताकाका म्हणतात, परदेशातल्या प्लांटमध्ये पण लागलेत. तिथे रोज सकाळी गोरे लोक मशीनसमोर उभे राहून काळभान करतात!

मला वाटलं फेकतायत. मग पप्पांनी मोबाइलमध्ये फोटो दाखवला. माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

*

आता सलीमचाचांचा किस्सा. लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत सलीमचाचांनी जाहीर केलं होतं की मी काल मामूकडे चाकणला होतो, तिकडे लाइट होती, मी शेवट बघितला!

त्यांना वर्गात राजाचा मान मिळाला. शेवट असा: काळभानची दाढी गडाच्या दारात अडकते, गुबगुब्याला पंख फुटतात, तो गड उचलून परत आभाळात नेऊन ठेवतो आणि मग सगळे आमरस खातात.

पप्पा म्हणतात, “आमरसावर कुणाला शंका आली नाही. दिवसच आंब्याचे होते.”

मोठेपणी चाचा लग्नासाठी मुलगी बघायला गेले, तेही चाकणलाच. घरच्यांनी दोघांना दहा मिनिटं बोलायला दिली. चाचांना काय बोलावं कळेना. त्यांनी त्या दहा मिनिटांत आभाळगडचा शेवट सांगितला, आमरसासकट! मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

पाहुणे गेल्यावर मुलीला तिच्या आईने विचारलं, “कसा वाटला?”

मुलगी म्हणाली, “करते मी लग्न. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. आयुष्यभर सोपं जाईल.”

या रेश्माचाची. चाचा अजून त्यांच्यासमोर टोपी कानावर ओढूनच बोलतात.

*

या वर्षी मंडळाच्या मीटिंगमध्ये दत्ताकाका म्हणाले, “दरसाल आपला देखावा म्हंजी गुहा आन् धबधबा. पोरंटोरं बघत्यात आन् पुढं जात्यात. यंदा आभाळगड करू. हलता!”

कुणी विरोध केलाच नाही. गड पुठ्ठ्याचा, जागा गॅरेजची. गुबगुब्याचे डोळे म्हणजे ट्रकचे इंडिकेटर. गड वरखाली हलवायला सलीमचाचांनी वायपरची मोटर बसवली. निवेदन लिहून रेकॉर्ड करायचं काम माझ्याकडे आलं. पप्पांनी परस्पर सांगितलं होतं, “आमची स्वरा लिहिते चांगलं.” पप्पांना हे माहीत आहे, हाही मला एक धक्काच!

पहिली टेस्ट झाली तेव्हा सगळी बिल्डिंग खाली जमली. चाचांनी बटण दाबलं. गड छान डुलत वर गेला, डुलत खाली आला. टाळ्या! दत्ताकाका म्हणाले, “जरा फास्ट कर की, सलीम.”

वायपरला जोराच्या पावसासाठी एक स्पीड असतो. चाचांनी तो लावला.

गड थरथरला आणि त्याच्या गच्चीवर उभी असलेली इरा, शाडूची, हातभर उंचीची, सुटली ती थेट समोरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर! तिथल्या काकू पावसाची उघडीप बघून गॅलरीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होत्या. इरा पापड्यांत उभीच्या उभी रुतली.

काकू उठल्या, कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या,

“अध्यक्ष, वर्गणी दिली होती ना मी?”

*

देखाव्यात शेवट दाखवायचा होता, आणि तिथे गाडी अडली. कारण शेवट कोणता?

सलीमचाचा म्हणाले, “आपला आहे ना, बघितलेला!” पप्पा म्हणाले, “तुझा आमरस ठेव तुझ्याजवळ.” मंडळातली कॉलेजची मुलं म्हणाली, “नेटवर असेल की, शोधू.” त्यावर बाकावरचे सगळे जमिनीकडे बघायला लागले. मला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांत यांच्यातल्या एकानेही तो शोधला नव्हता!

दत्ताकाका एवढंच म्हणाले, “न्हाई. शोधायचा न्हाई.”

आणि मग त्यांनी ते सांगितलं. आवाज न चढवता, आपल्या बाइकची चेन पुसत पुसत. गॅरेजच्या आतल्या दारात रेश्माचाची लसूण सोलत बसल्या होत्या.

लाइट गेली तेव्हा ते रडायला लागले होते. त्यांचे वडील, नाना, शेजारीच बसलेले. गुरुवार ना, सुट्टी. नानांनी मेणबत्ती लावली आणि म्हणाले, रडू नको, मला ठाव हाय पुढं काय हुतंय. गुबगुब्या गड पाठीवर झेलतो. माणसं खाली उतरत्यात, एक एक. समदी उतरली की तो गड बाजूला ठेवतो, अंग झाडतो आन् इराच्या मागं मागं घरी जातो. मरत न्हाई.

“पुढच्या साली नाना गेले,” दत्ताकाका म्हणाले. “कंपनीतनं घरी आलेच न्हाईत. माझ्यापाशी त्यांची तेवढीच एक गोष्ट हाय. देखाव्यात तीच लागंल. न्हाईतर गुहा आन् धबधबा करा, मी अध्यक्ष न्हाई.”

कॉलेजमधला एक मुलगा पुटपुटला, “पण काका, लोक नेटवर बघून येतील आणि म्हणतील चुकीचं दाखवलंय...”

शेवटी पप्पांनी निकाल दिला. स्वरा बघेल, एकटी. खरा शेवट नानांचाच निघाला तर प्रश्नच मिटला. नाही निघाला, तर बसून ठरवू.

मी वर निघाले तेव्हा जिन्यात दत्ताकाकांनी गाठलं. एवढा मोठा माणूस, पण माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाले, “बघ पोरी. पण मला सांगू नको.”

*

मराठीतला भाग कुठेच नव्हता. मूळ भाषेतला एक सापडला, धुरकट, कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेला. भाषा कळत नव्हती. पण गड कोसळायला भाषा लागत नाही.

गुबगुब्या गड पाठीवर झेलतो. इथपर्यंत नानांचं बरोबर. माणसं उतरतात, एक एक. तेही बरोबर! मी खुर्चीत पुढे सरकून बसले.

शेवटी इरा उतरते. ती त्याच्या मानेला मिठी मारते. आणि तो हलतच नाही. त्याची पिसं हळूहळू करडी होत जातात, खालून वर. डोळा उघडाच राहतो. दगड होतो त्याचा. मग नावं येतात, गाण्याशिवाय.

हे लहान मुलांचं कार्टून! मी मोबाइल उलटा ठेवून दिला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि खालच्या इंग्रजी कमेंट वाचल्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, आईबाप झालेली. एकाने लिहिलं होतं की लहानपणी हे बघून तो दोन दिवस जेवला नव्हता. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या मुलांना मी हे दाखवते, पण शेवटचा भाग येण्याआधी टीव्ही बंद करते.’

मला एकदम वाटलं, आपल्याकडे लाइट गेली ते किती बरं झालं.

पण आता मला माहीत होतं. आणि उद्या सगळे विचारणार होते.

*

रेकॉर्डिंग गॅरेजमध्येच ठेवलं होतं. शटर अर्धं ओढलं, आवाज घुमू नये म्हणून चाचांनी भिंतींना गोधड्या लावल्या. बाकीचं निवेदन मी वाचलं, एकदाच अडखळले. शेवटच्या परिच्छेदाची जागा कोरी होती.

“मग?” पप्पा म्हणाले. “बघितलास ना?”

मी मान हलवली.

“काय आहे शेवट?”

सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पा, सलीमचाचा, कॉलेजची मुलं. दत्ताकाका बघत नव्हते. ते उठले, हेल्मेट उचललं आणि शटरखालून बाहेर जायला वाकले.

मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

“त्या पोरीला कशाला विचारता?” मागून आवाज आला. रेश्माचाची चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. “मला विचारा ना. मी बघितलाय.”

सलीमचाचांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. “तू?”

“चाकणला लाइट होती ना त्या दिवशी. तूच सांगत फिरतोस.”

“इतकी वर्षं बोलली नाहीस!”

“इतकी वर्षं कुणी विचारलं?” त्यांनी ट्रे बोनेटवर ठेवला. “लग्नाआधी तू आमरस सांगितलास, तेव्हाच मला कळलं तू बघितला नाहीस. नव्हता आमरस.”

चाचांनी टोपी कानांवर ओढली. दत्ताकाका शटरखाली अर्धे वाकलेले, तसेच थांबले होते.

“मग काय होतं, भाभी?” पप्पांनी विचारलं.

चाची एकेकाला चहा देत देत बोलायला लागल्या, भाजीचा भाव सांगावा तसं. “काय होणार? तो गड पाठीवर घेतो. लोक उतरतात. शेवटी ती मुलगी उतरते, रडत असते. तिला वाटतं गेला हा. तो असा गप्प. मग गड बाजूला ठेवतो, अंग झाडतो. केवढी पिसं उडतात! आणि तिच्यामागे जातो घरी. खलास. गाणं लागतं.”

“अंग झाडतो?” दत्ताकाकांनी विचारलं. आवाज एवढासा. “अंग झाडतो, हे बघितलंय तुमी?”

“डोळ्यांनी. का हो भाऊ?”

“काय न्हाई.”

दत्ताकाका आत आले. हेल्मेट खाली ठेवलं. टायरवर बसले आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, “आयला, नानांना समदं बरोबर ठाव व्हतं.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. “असंच आहे ना गं, स्वरा?”

मी चाचींकडे बघितलं. त्या बोनेटवर सांडलेला चहा पुसत होत्या, वर बघितलंच नाही.

“हो,” मी म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर माझा आवाज मोठा आला.

मग मी तिथेच बसून शेवटचा परिच्छेद लिहिला. अंग झाडतो, पिसं उडतात, घरी जातो. एकदाही न अडखळता रेकॉर्ड झाला. दत्ताकाकांनी तो तीनदा लावायला सांगितला.

सगळे पांगल्यावर मी ग्लास गोळा करून आत नेले. चाची नळाखाली ट्रे धूत होत्या. मला राहवेना.

“चाची, नेटवर जरा वेगळं आहे. तुम्ही चाकणला नक्की कुणाकडे बघितला होता?”

चाचींनी नळ बंद केला, ट्रे निथळत ठेवला आणि फडकं माझ्या हातात दिलं.

“कुणाकडे बघणार, बेटा? आमच्या अख्ख्या गल्लीत टीव्ही नव्हता.”